जुनी मोटारसायकल बंद का पडते? आधी निदान, मग खर्च



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खोडवा, पाण्याच्या पाळ्या आणि खतांचे हप्ते यांवर लिहितो. या अंकातला विषय जरा निराळा आहे, पण शेतीबाहेरचा नाही. एकलहरे, सामनगाव, हिंगणवेढे, जाखोरी, चाडेगाव या शिवारांत फिरताना जवळपास प्रत्येक वस्तीवर एक जुनी टू स्ट्रोक मोटारसायकल दिसते. कुठे राजदूत, कुठे येझ्दी, कुठे आरएक्स १००. मडगार्ड कापलेले, मागे गट्ट्यांचा टायर, सीटला दोरी बांधलेली. अशी गाडी आता डांबरी सडकेवर फारशी जात नाही. ती बांधावरून, पाटाच्या कडेने, चिखलातून पळते. रात्रीची लाइट आली की मोटर चालू करायला तीच, तोडणी टोळीला निरोप द्यायला तीच आणि दुधाची किटली न्यायलाही तीच.

गळीत हंगामात हीच गाडी बंद पडली की काय होते ते आम्ही सांगायला नको. टोळी फडात येऊन बसते, ट्रॅक्टरवाला खोळंबतो आणि तोडलेला ऊस उन्हात वाळून वजनाला घटतो. घाईघाईत गाडी गॅरेजला जाते आणि तिथे पहिला सल्ला मिळतो तो 'बोअर करून टाका' असा. कित्येकदा दोष असतो दहा मिनिटांत निघणारा आणि खर्च होतो काही हजारांचा. तो वाचावा म्हणून हा लेख.

या गाड्या कोणत्या

राजदूत १७५ ही एस्कॉर्ट्स कंपनीने १९६२ पासून आपल्याकडे बनवली. तिचा मूळ नमुना पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीचा. जावा १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात तयार होऊ लागली, पुढे त्याच कारखान्याने येझ्दी काढली आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. यामाहाची आरएक्स १०० ही १९८५ ते १९९६ या काळातली. म्हणजे आपल्या वस्तीवरची गाडी कमीत कमी पंचवीस-तीस वर्षांची तरी आहे. सुटे भाग मिळतात, पण अस्सल मिळतीलच असे नाही. म्हणून चांगला भाग उगाच काढून टाकणे हे दुप्पट नुकसान.

या सगळ्या गाड्यांचे इंजिन टू स्ट्रोक. त्यात टॅपेटने उघडणारे व्हॉल्व्ह नाहीत. पिस्टनच आपल्या चढ-उताराने पोर्ट उघडतो व झाकतो. इंजिनाच्या पोटातल्या भागांना वंगण मिळते ते पेट्रोलबरोबर जाणाऱ्या ऑइलमधूनच. इंजिन साधे असल्यामुळे दोष शोधणेही सोपे आहे, फक्त क्रम चुकता कामा नये.

उसाचे पान आणि गाडीचा प्लग

ऊस पिवळा पडला की काही मंडळी थेट युरियाचे पोते उघडतात. आम्ही नेहमी सांगतो, आधी पान बघा. जुनी, खालची पाने पिवळी पडत असतील तर नत्र कमी. कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही. ठोंब हलवला की उपटून येत असेल तर मुळाशी हुमणी. पिवळेपणा एकच, पण कारणे तीन आणि उपाय तीन.

गाडीचेही असेच. 'चालू होत नाही' हे दुखण्याचे नाव नव्हे. इंजिनाला चालायला चार गोष्टी लागतात: योग्य प्रमाणात पेट्रोल व हवा, वेळेवर ठिणगी, सिलिंडरमध्ये दाब, आणि धूर बाहेर जायला मोकळी वाट. या चारपैकी काय कमी आहे ते आधी ठरवायचे.

आणि उसाला जसे पान, तसा इंजिनाला प्लग. गाडी चांगली पळवून, मग एकदम बंद करून प्लग काढावा व टोक पाहावे. चहासारखा तपकिरी रंग असेल तर आतले प्रमाण बरोबर. काळे व ओले असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त जाते, नाहीतर ठिणगी कमजोर आहे. पांढरे, कोरडे, भाजल्यासारखे असेल तर सावध व्हावे. इंजिनाला पेट्रोल कमी व हवा जास्त मिळते आहे, आणि अशी गाडी पिस्टन जाम झाल्याशिवाय राहत नाही.

पहिली पाहणी: पेट्रोल पोचते का

कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत धरावी आणि कॉक उघडावा. धार सलग आली पाहिजे. थेंब थेंब येत असेल तर टाकीतल्या कॉकची जाळी गंजाने भरली आहे.

धार आधी चांगली येते आणि मग मंदावते, असे झाले तर टाकीचे झाकण उघडावे. झाकणाला हवा आत येण्यासाठी एक बारीक छिद्र असते. शेतरस्त्याच्या चिखलाने ते बुजले की टाकीत हवा येत नाही आणि पेट्रोल खाली उतरत नाही. गाडी दोन-तीन किलोमीटर चांगली जाते, मग कुथते आणि बंद पडते. थोडा वेळ उभी राहिली की पुन्हा चालू. गेल्या हंगामात आमच्या गटातल्या एका सभासदाला अशाच गाडीसाठी नवा कार्बोरेटर घ्यायला सांगितले गेले होते. खरेदीला निघण्याआधी झाकण उघडून पाहिले तेव्हा 'फुस्स' असा आवाज आला. छिद्रातली माती काडीने काढली आणि काम भागले.

यानंतर कार्बोरेटरची वाटी. ती काढून आतले पेट्रोल पांढऱ्या बशीत ओतावे. तळाला पाण्याचे मणी किंवा लाल गंज दिसला तर जेटमध्येही तेच अडकले आहे असे समजावे. जेट तारेने कोरू नये, भोक मोठे होते. हवेच्या पंपाने फुंकावा. वाटीतून पेट्रोल सतत ओसंडत असेल तर फ्लोट फुटला आहे किंवा त्याची सुई झिजली आहे.

दुसरी पाहणी: ठिणगी

प्लग काढून टोपीत बसवावा, त्याची धातूची बाजू इंजिनाला टेकवून किक मारावी. प्लगच्या भोकापासून तो लांब धरावा, कारण आतून पेट्रोलची वाफ येते व ती पेट घेऊ शकते. ठिणगी निळसर आणि तडतडणारी हवी. पिवळी, बारीक ठिणगी बाहेर दिसते, पण आतल्या दाबाखाली ती टिकत नाही.

पळती गाडी एखादे बटण दाबल्यासारखी एकदम बंद पडली तर आधी प्लगच बघावा. टू स्ट्रोकमध्ये काजळीचा एक केसाएवढा धागा दोन टोकांना जोडून बसतो व ठिणगी मरते. कापडाने पुसले की झाले. टोकांतले अंतर साधारण ०.६ मि.मी. असावे. एक चांगला प्लग आणि त्याचा पाना गाडीच्या डिक्कीत कायम ठेवावा.

प्लग चांगला असून ठिणगी नसेल तर क्रमाने टोपी, वायर, सी.बी. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल. पॉइंट काळे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपरने घासून, पेट्रोलने पुसून अंतर लावावे. ते बहुतेक गाड्यांत ०.४ मि.मी.च्या आसपास असते, पण गाडीच्या पुस्तकातला आकडा मिळाला तर तोच धरावा. इंजिन चालू असताना पॉइंटवर मोठी ठिणगी उडताना दिसली तर कंडेन्सर गेला. जुन्या जावा गाड्यांत ठिणगी बॅटरीवर चालते. तिथे पॉइंटला हात लावण्याआधी बॅटरी बघावी.

एक लक्षण नीट ध्यानात ठेवावे. गाडी थंड असताना झकास चालू होते, तापली की बंद पडते, वीस मिनिटांनी निवली की पुन्हा चालू. असे असेल तर कॉइल किंवा कंडेन्सरवर संशय घ्यावा. पण आधी टाकीचे झाकण पाहून घ्यावे, कारण दोन्हींची लक्षणे जवळजवळ सारखी दिसतात. बंद पडल्याबरोबर प्लग काढून ठिणगी पाहिली की कोणता दोष ते कळते. ठिणगी आहे तर पेट्रोलचा दोष, नाही तर कॉइल-कंडेन्सरचा.

तिसरी पाहणी: दाब

'रिंगा गेल्या' हे ऐकून घेण्याआधी स्वतः बघावे. स्विच बंद करून, गाडी थंड असताना, किकवर हळूहळू अंगाचा भार द्यावा. किक अडून मग सावकाश खाली गेली तर दाब ठीक. पाय ठेवताच धपकन खाली गेली तर दाब कमी.

दाब कमी वाटला तर प्लगच्या भोकातून चहाचा अर्धा चमचा ऑइल आत सोडावे, दोन-तीन किका मारून ते पसरू द्यावे, मग प्लग बसवून पुन्हा भार देऊन पाहावे. आता किक अडू लागली तर रिंगा किंवा बोअर झिजला आहे. काहीच फरक नाही तर हेडखालचे पॅकिंग फुटले असेल, हेडचे नट ढिले असतील किंवा पिस्टनलाच भोक पडले असेल. नट आवळणे आणि बोअर करणे यांच्या खर्चात किती अंतर आहे ते आपण जाणताच.

हवा: फिल्टर आणि सील

आपल्या भागात धूळ दोन प्रकारची. एक काळ्या जमिनीची आणि दुसरी वीजकेंद्राच्या राखेची. एकलहऱ्याचे औष्णिक वीजकेंद्र १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून इथे आहे. कोळशाची ही राख अतिशय बारीक असते आणि तिच्यातला सिलिकेचा अंश धातूला पॉलिश पेपरसारखा घासतो. फिल्टर फाटका असेल किंवा काढून टाकला असेल तर ही पूड सरळ सिलिंडरमध्ये जाते. 'फिल्टर काढला की गाडी जोरात पळते' असे तरुण मंडळी म्हणतात. थोडे दिवस तसे वाटतेही, आणि मग बोअर करायची वेळ येते. शिवाय हवा वाढल्याने मिश्रण पातळ होते ते वेगळेच. फोमचा फिल्टर दर आठ-पंधरा दिवसांनी साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, हलके ऑइल लावून पिळून बसवावा.

जुन्या गाडीत हवा दुसऱ्या वाटेनेही शिरते. ॲक्सिलेटर सोडला तरी इंजिन खाली येत नाही, गुरगुरत राहते, प्लग पांढरा दिसतो, अशी लक्षणे असतील तर कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या जोडातून किंवा क्रँकच्या मॅग्नेटोकडच्या ऑइल सीलमधून हवा आत ओढली जाते आहे. जोडाभोवती जाड ग्रीस लावून पाहावे. इंजिनाचा आवाज बदलला तर गळती तिथेच.

क्लचकडचे सील गेले तर लक्षण उलटे. गिअर बॉक्सचे ऑइल इंजिनात ओढले जाते, मागे दाट पांढरट-निळा धूर येतो, प्लग पुन्हा पुन्हा ओला होतो आणि खाली एक थेंब सांडलेला नसतानाही गिअर ऑइल कमी होते. अशा वेळी पेट्रोलमधले ऑइल कमी करून धूर घालवायचा प्रयत्न अजिबात करू नये. धूर तर जातच नाही आणि पिस्टन मात्र जाम होतो.

ऑइलचे प्रमाण पुस्तकाप्रमाणे ठेवावे. राजदूत, जावा या पिढीच्या गाड्यांना साधारण एका लिटरला ४० मिलि ऑइल सांगितलेले असे. अंदाजाने टोपणभर ओतू नये, मापाने घालावे. आरएक्स १०० ला ऑइलची वेगळी टाकी व पंप आहे. तिथे पेट्रोलमध्ये मिसळायचे नसते, पण ती टाकी रिकामी राहू देऊ नये.

सायलेन्सर

गाडी चालू होते, जागेवर नीट चालते, पण ओढत नाही, तिसऱ्या-चौथ्या गिअरला दम टाकते. ठिणगी व पेट्रोल दोन्ही ठीक. मग सायलेन्सर काढून बघावा. ऑइलची काजळी आतल्या जाळीवर व सिलिंडरच्या धुराच्या भोकावर थरांनी बसते आणि वाट अरुंद होते. पाटातल्या पाण्यात मळी साचली की पाणी पुढे सरकत नाही, तसेच हे. काजळी लाकडी काडीने खरवडावी, त्या वेळी पिस्टनने भोक पूर्ण झाकलेले असावे.

आपलेच इथेनॉल, आपलीच गाडी

आता एक असा मुद्दा की जो आपण ऊस उत्पादकांनी तरी सरळ सांगितला पाहिजे.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे जे पहिले प्रयोग २००१ मध्ये सरकारने केले, त्यांतला एक आपल्याच जिल्ह्यात मनमाडला झाला. दुसरे मिरज आणि उत्तर प्रदेशात बरेलीजवळ. २००३ मध्ये काही राज्यांत पाच टक्क्यांनी सुरुवात झाली, २०२२ मध्ये देशाने दहा टक्के गाठले, २०२३ पासून वीस टक्के मिश्रण पंपांवर येऊ लागले आणि २०२५ मध्ये देशभर वीस टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले गेले. एक टन उसाच्या थेट रसापासून साधारण ७० लिटर इथेनॉल होते. पाच लिटर पेट्रोल भरले की त्यात एक लिटर इथेनॉल, म्हणजे या हिशेबाने चौदा किलो ऊस. हे मिश्रण मका आणि तांदळापासूनच्या इथेनॉलचेही असते, पण साखर पडून राहते तेव्हा या पैशाचा आधार सर्वांना असतो.

असे असले तरी आपल्या जुन्या गाड्या या मिश्रणासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉलमध्ये प्राणवायू आधीच असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ भाग. नव्या गाडीतला संगणक हे ओळखून पेट्रोल वाढवतो. जुन्या कार्बोरेटरचा जेट ठरलेलाच असतो, तो काही वाढवत नाही. त्यामुळे मिश्रण थोडे पातळ पडते, इंजिन जास्त तापते, प्लग पांढरा होतो. ॲव्हरेजही कमी पडते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या घडणीच्या दुचाकींना वीस टक्के मिश्रणाने ३ ते ४ टक्के घट धरली आहे.

दुसरे, इथेनॉल पाणी ओढते. टाकीत दव किंवा पावसाचे पाणी जास्त शिरले की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसतात, आणि कॉक तळालाच असतो. तिसरे, जुने रबर फुगते व टाकीतला जुना गंज सुटून जेटकडे येतो.

पाहायचे असेल तर सोपा प्रयोग आहे. उघड्या जागेत, विडी-काडी लांब ठेवून, मापाच्या काचेच्या बाटलीत १०० मिलि पेट्रोल घ्यावे, त्यात २० मिलि पाणी घालून हलवावे आणि पाच मिनिटे ठेवावे. खालचा थर २० चा राहत नाही, तो ४० च्या आसपास जातो. वाढलेला भाग म्हणजे इथेनॉल. ते पेट्रोल मात्र पुन्हा टाकीत ओतू नये.

उपाय अवघड नाहीत. नळ्या, वॉशर व फ्लोटची सुई आजच्या पेट्रोलला चालणारी बसवावी. टाकी एकदा आतून साफ करून घ्यावी. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी व वाटी रिकामी करावी. प्लग पांढराच राहत असेल तर जाणत्या मिस्त्रीकडून जेट एक नंबर मोठा करून घ्यावा. ऑइलचे प्रमाण कमी करू नये. पावसाळ्यात टाकीचे झाकण नीट बसते ना, तेही पाहावे.

फडाजवळ गाडी उघडू नका

शेवटची गोष्ट पैशाची नाही. तापलेला सायलेन्सर वाळलेल्या पाचटावर टेकला तर आग लागू शकते. दुरुस्ती करताना पेट्रोल सांडते, ठिणगी तपासताना ती उडते, आणि शेजारी तोडणीला आलेला फड असतो. उभा ऊस पेटला तर तो आपल्या बांधावर थांबत नाही, शेजाऱ्याचाही जातो. टोळीची माणसे व लेकरे जवळच असतात. म्हणून गाडी मोकळ्या मातीवर आणावी, निवू द्यावी, मग हात लावावा. सायलेन्सरमधली काजळी जाळून काढायची पद्धत फडात किंवा गोठ्याजवळ करूच नये. पाण्यातून गेलेली गाडी बंद पडली तर तिला जोराने किका मारू नयेत. आधी प्लग काढून आतले पाणी बाहेर टाकावे, नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकतो.

गोठ्याच्या भिंतीवर लावण्यासाठी

१. थोडे अंतर जाऊन बंद, झाकण उघडताच चालू: झाकणाचे छिद्र.
२. एकदम बंद, ठिणगी नाही: प्लगवरचा काजळीचा धागा.
३. तापल्यावर बंद, ठिणगी नाही: कंडेन्सर किंवा कॉइल.
४. ॲक्सिलेटर सोडूनही इंजिन खाली येत नाही, प्लग पांढरा: हवेची गळती. गाडी चालवू नये.
५. दाट पांढरा धूर, गिअर ऑइल कमी: क्लचकडचे सील.
६. चालते पण ओढत नाही: सायलेन्सर, मग फिल्टर.
७. किक धपकन खाली जाते: हेडचे नट, पॅकिंग, मग रिंगा. बोअर सर्वांत शेवटी.

एवढे पाहूनही गाडी चालू झाली नाही तर मिस्त्रीकडे जरूर जावे. पण जाताना 'बंद पडली' एवढेच न सांगता 'ठिणगी आहे, पेट्रोल येते, दाब कमी आहे' असे सांगावे. काढलेला जुना भाग मागून घ्यावा व बघावा. हंगाम सुरू होण्याआधी, दिवाळीच्या सुमारास, एक सकाळ या कामाला दिली तर तोडणीचा प्रोग्राम आल्यावर धावपळ होणार नाही.

पुढील अंकात खोडव्यातील पाचट व्यवस्थापनावर लिहू.